तिप्पट वेगाचा चार्जर

"काका, खुर्ची सोडा हो, मी काही पडत नाही," वायरमन वरून म्हणाला. अप्पांनी खुर्ची सोडली नाही. ड्रिल भिंतीत घुसलं आणि विटांची लाल भुकटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उतरली.

भिंतीवरून काढलेला जुना चार्जर पायरीवर पडला होता. लेकीनं तो बुटाच्या टोकानं बाजूला सरकवला.

"हा कुणी विकला तुम्हाला, अप्पा? मोबाईल चार्ज करायच्या लायकीचा आहे. गाडीला लावायचा म्हणजे हत्तीला चमच्यानं पाणी पाजायचं."

"चालत होतं की गं."

"चालत नव्हतं, रांगत होतं. सरळ माणूस दिसला की दुकानदार अडगळ गळ्यात मारतात. फसवलं तुम्हाला."

"फसवलं असेल," अप्पा म्हणाले आणि खुर्ची आणखी घट्ट धरली.

लेक बॅटऱ्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. कोणती बॅटरी किती वेळात भरते हे तिनं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. आई गेल्यापासून ती महिन्यातून एखाद्या शनिवारी अप्पांकडे यायची. पेट्रोलची गाडी होती तोवर जेवून, उन्हं उतरायच्या आत परत निघायची. मग तिनं विजेची गाडी घेतली. ती भरून निघाली की इथवर यायची, पण परतीला पुरायची नाही. "आता कसं जमायचं, अप्पा?" असं ती फोनवर म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात अप्पांनी दाराशी चार्जर बसवून घेतला. तिला फार कौतुक वाटलं. ते पहिल्यांदा गाडी जोडेपर्यंतच टिकलं. त्या डब्याला गाडी भरायला रात्र उलटायची. शनिवारी आलं की मुक्काम ठरलेला.

आणि असला रखडणारा डबा अप्पांनी आणावा याचंच तिला नवल होतं. अप्पा शिंपी. शिंप्यानं वायदा पाळला असं कुणी सांगितलं तर लोक हसायचे, पण अप्पांच्या दुकानात लग्नाचा सूट वायद्याच्या आदल्या दिवशी तयार असायचा. लहानपणीचे अप्पा तिला आठवायचे ते पाठमोरे, मशीनवर वाकलेले. ती शर्ट ओढायची. ते म्हणायचे, "थांब बाळा, एवढी एक टीप मारू दे." ती टीप काही संपायची नाही. ती तिथेच कापडांच्या चिंध्यांवर झोपून जायची.

आता मशीन कपड्याखाली झाकलेलं होतं आणि बोलायला वेळच वेळ होता. पण अप्पांचं बोलणं हापशासारखं. बराच वेळ नुसता कोरडा खडखडाट, मग कुठे पाणी. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, अंथरुणं घातली, की मग सुरू व्हायचे. आईला शिवलेला पहिला ब्लाउज कसा बिघडला, तरी ती तो हट्टानं घालून कशी मिरवली, असलं काहीबाही. लेक हुंकार देत देत झोपी जायची. सोमवारी कारखान्यात सांगायची, "अर्धा रविवार त्या डब्यानं खाल्ला माझा."

म्हणून तिनं हा नवा चार्जर मागवला होता. वायरमननं शेवटचा स्क्रू आवळला. लेकीनं गाडी जोडली. हिरवा दिवा लागला.

"बघा अप्पा, तिप्पट वेग!" तिनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. अप्पांनी चष्मा पुसून आकडे पाहिले. बघता बघता एक आकडा वाढला.

"अरे वा," ते म्हणाले. "पळतोय की."

"काका, बैलगाडी गेली, घोडा आला," वायरमन हसत म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

दुपारी दोघं जेवली. अप्पांनी हवेबद्दल विचारलं, मग गाडीच्या टायरबद्दल. ती मोबाईलवर आकडा बघत उत्तरं देत होती. बऱ्याच वेळानं अप्पा खाली बघत म्हणाले, "तुझी आई ना, एकदा मला म्हणाली होती..."

मोबाईल वाजला.

"झाली! शंभर टक्के!" लेक उठलीच. "काय म्हणाली होती आई?"

"काही नाही. लांबण आहे ती. नीघ तू."

"पुढच्या वेळी सांगा हं, अप्पा."

ती खोलीतून पर्स आणायला गेली, तर पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. उशाशी पाण्याचा तांब्या. सवयीनं घातली असणार, असं तिला वाटलं. गाडी निघताना अप्पांनी टपावर हात ठेवला, एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "उजेडात पोचशील," ते म्हणाले.

शहर मागे पडलं आणि वायरमनचा फोन आला.

"ताई, काकांच्या घरी विजेचा दाब कमी-जास्त होतो का?"

"नाही. का हो?"

"मग काही कळेना बुवा. आत्ता त्यांनी मला परत बोलावून घेतलं. विचारत होते, हा नवा चार्जर हळू करता येतो का. मी म्हटलं, येतो, पण ते ताईंच्या मोबाईलवरून करायचं असतं. तर लगेच म्हणाले, मग राहू द्या, तिला काही सांगू नका. मी म्हटलं, काही बिघाड असला तर उद्या माझ्यावर यायचं, म्हणून फोन केला."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"किती हळू हवाय त्यांना?"

"तेच तर, ताई. लोक वेगवान मागतात. आणि काकांनी मागच्या खेपेला दुकानात जाऊन सगळ्यात हळू चालणारा मागून घेतला होता म्हणे. सकाळपर्यंत पुरायला हवा म्हणून."