नयनची बढती

दर मंगळवारचा उपास धरून मी केळापूरच्या जगदंबेला एकच मागत होते, "माय, अमेरिकेच्या ऑफिसात माझ्या नयनला मॅनेजर कर."

आज त्याचा फोन आला. "आई, मॅनेजर झालो वं!"

मी देवापुढं साखर ठेवली.

"पण माहा व्हिसा जुन्याच कामाचा आहे. नव्या कामाचा होईस्तोवर कंपनी म्हणते, भारतात जा, घरूनच काम कर."

मी जगदंबेच्या तसबिरीकडं वळले. "माय, काय चुकलं वं माह्यं?"

जन्मात देवळाची पायरी न चढलेले आमचे हे हळूच म्हणाले, "तुह्यं नाही चुकलं. मीबी जाता-येता गाडीवरूनच तिले म्हणत होतो, पोरगं घरी पाठव. बिचारीनं दोघांचंही मन राखलं."