काय कळलं ते सांग

आत्या पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नवं भाषांतर करत होती. तिनं लग्न केलं नव्हतं. "हिचं लग्न शास्त्राशीच लागलंय," असं बाबा चिडवायचे. वचन लिहून झालं की ती घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायची आणि म्हणायची, "आता तुझ्या शब्दांत सांग, काय कळलं?"

आज भाचीची पाळी होती. वचन ऐकलं, तशी तिची नजर दाराकडे गेली. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते.

"बोल की गं. मूग गिळून काय बसलीस?"

"हेच कळलं, की... बाईनं बाईवर, पुरुषानं पुरुषावर जीव लावला, तर देवाच्या दारात त्यांना जागा नाही. माझ्यासारख्यांना."

शेवटचा शब्द तोंडून निसटला. बाहेरची पेपरची सळसळ थांबली.

"काय म्हणाली ती?" बाबांचा आवाज आला.

"काही नाही रे दादा, माझंच भाषांतर चुकलंय," आत्या मोठ्यानं म्हणाली. तिनं उठून दार लावलं, कडी घातली आणि भाचीला खेटून बसली.

"वचनातल्या त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाणत्यांनाही छातीठोक सांगता येत नाही, बाळा. पण भाषांतराची समिती म्हणते, जुनाच अर्थ ठेवा."

"मग एवढी मूळ भाषा शिकलीस तरी कशाला?" भाचीनं रडतच विचारलं.

आत्यानं तिचा हात हातात घेतला.

"तुझ्या वयाची असताना मलाही हेच कळलं होतं. खरंच तसं लिहिलंय का, ते बघायला शिकले."