मरायच्या आत

वटारच्या वाडीत उंदीर केळीचे घड कुरतडू लागले, तेव्हा आग्नेलने गुपचूप विषाच्या गोळ्या टाकल्या. बायकोला सांगितलं नाही, कारण आल्बिना उगाच वाद घालते. दोन दिवसांत उंदीर मेले. तिसऱ्या दिवशी मांजर मेलं. तेही त्याने गुपचूप पुरलं. उंदीर संपले की विषाचं काम संपतं, असा त्याचा समज होता.

रविवारी चर्चमधून आल्यावर ताटात कोंबडी होती.

"आज काय विशेष?" रस्सा ओरपत आग्नेलने विचारलं.

"विशेष कसलं? आपलीच तांबडी. काल वाडीतून आली ती मान टाकूनच बसली. म्हटलं, मरून फुकट जाण्यापेक्षा आधीच कापूया."

आग्नेलचा घास तोंडातच राहिला.

"आतडी... आतडी कुठे टाकलीस?"

"कालच कावळ्यांना, नेहमीसारखी. पण तुझा चेहरा का असा पांढरा पडला?"

तो तोंड उघडणार, इतक्यात सहा वर्षांची जीना चोखलेली हाडं अंगणात टाकून परत आली.

"मम्मी, आज एकपण कावळा आला नाय."