मनकर्णाबाईचा अंगठा
पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादकरांनी वर्गणी काढून उभारलेली बँक मुंबईचा शेठ गिळायला बसला होता. निम्मे शेअर त्यानं गुपचूप घेतले होते; बहुमताला एकच कमी पडत होता. भरसभेत त्याच्या वकिलानं तोही काढला. लासूरच्या मनकर्णाबाईनं शेअर विकल्याचा कागद, खाली तिचा अंगठा. मागच्या रांगेतून मनकर्णाबाई उठली. "ह्यो अंगठा माझा नाय." "मग काय सही करता?" वकील हसला. सारी सभा त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसली. सही शिकल्याशिवाय कुणालाच शेअर द्यायचा नाही, हा बँकेचा पहिल्यापासूनचा नेम होता. त्यापायी मनकर्णाबाईनं चार महिने चुलीतल्या राखेत नाव गिरवलं होतं. तिनं वकिलाचंच पेन घेतलं, सभेच्या वहीत पूर्ण नाव लिहिलं, वर रेघ ओढली. अध्यक्षांनी कागद फाडला. "ज्याचा अंगठा हाये, त्याला माझ्याकडं धाडा," ती म्हणाली. "सही शिकवते."