किल्ली देवळीला गेली आहे

"किल्ली देवळीले गेली जी," कोकिळाबाई म्हणाल्या. "माह्या दिराजवळ हाये. येतीलच आता. बसा ना."

पाहुण्याने चपला काढल्या. नागपूरचा, योगेंद्र नाव, वय चाळिशीपलीकडचं. पेपरातली जाहिरात वाचून आला होता : १९५४ची मॉरिस मायनर विकणे आहे, समक्ष पाहावी.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्या घराशेजारी टिनाचं शेड होतं. दाराला कुलूप. आत गाडी नव्हतीच. मोडका कूलर होता आणि कपाशीच्या वाळल्या पराट्यांचा ढीग होता. गाडी अण्णाजींनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, १९९६ सालीच विकून टाकली होती. बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला होत्या. कोणाला विकली, तेही त्यांनी सांगितलं नाही. बाईंनी महिनाभर अबोला धरला. पुढे अण्णाजीच गेले, अन् घरात बोलायला कोणी उरलं नाही.

टीव्ही बोलतो हो, पण टीव्हीला कोणी चहा विचारतं का? म्हणून बाई अधूनमधून जाहिरात देत. गिऱ्हाईक येई, चहा पिई, घंटाभर किल्लीची वाट पाही अन् चिडून निघून जाई. तेवढंच माणसाचं तोंड दिसे. खोटं बोलायची लाज वाटे, नाही असं नाही. पण एकटेपणाने जीव पार विटला होता.

हा मात्र चिडेना. घड्याळाकडेही पाहीना.

"काका रोज चालवत काय?" त्याने विचारलं.

"कुठची रोज! दसऱ्याले धुवायची, हार घालायचा, अन् रोहण्याले माह्या माहेरी जायचं. वळताना दाराजवळून इशाऱ्याचा तो पिवळा हात बाहेर निघे ना, त्याले पाह्यले अख्खं गाव जमा होये. मी आपली मागं, पदर सावरत!" बाई हसल्या. किती दिवसांनी, देव जाणे.

मग तोही मोकळा झाला. जुन्या गाड्यांचा त्याला भारी नाद. गंज खरवडायचा, हाताने रंग द्यायचा, दाराचं रबर मिळालं नाही तर घरीच कापून बसवायचं. "घरी कोणी नाई," तो म्हणाला. "दिवसभर गाडीसंगंच बोलतो मी."

एक वाजला. किल्ली कुठून येणार? बाईंनी वांग्याची भाजी अन् भाकर वाढली. त्याने दुसरी भाकर मागून घेतली. असं मागून खाणारं माणूस या घरात पाच वर्षांत जेवलं नव्हतं. खरं सांगितलं तर हा पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण याला फसवणं जिवावर आलं.

"भाऊ, किल्ली येणार नाई," त्या म्हणाल्या. "शेडात गाडीच नाई. यायनं कवाचीच इकून टाकली. मी खोटं बोलली. मले बोलायले कोणी नाई, म्हणून." त्यांनी पदर तोंडाला लावला.

योगेंद्र उठला नाही. भाकरीच्या तुकड्याने ताटातला रस्सा पुसत राहिला.

"मले माहीत हाये, काकू. अण्णाजीकडून मीच घेतली. आमचे जुन्या गाड्यावाले सांगतात, वर्ध्याची एक बाई गाडी दाखवत नाई, पण उठूबी देत नाई. आज तीच गाडी घेऊन आलो, कोपऱ्यावर उभी केली. दारात आणली असती, तर तुमी मले बसा म्हटलं नसतं."