सात नंबरचा ग्लास

परीक्षक कर्णिकांनी सात नंबरचा ग्लास हातात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही बिअर गार का नाही?"

दोरीपलीकडे, इतर स्पर्धकांमध्ये उभ्या शलाकाने ओठ घट्ट मिटले. उन्हाळ्यात प्यायची ती हलकी, कडसर इंग्लिश बिअर तिनेच बनवली होती. बर्फगार केली की चव मरते, म्हणून मुद्दाम जेमतेम गार ठेवलेली. पण बोलली असती तर सात नंबर कुणाचा, ते फुटलं असतं आणि नावं झाकलेल्या या स्पर्धेतून ती बाद झाली असती.

सकाळपासून कर्णिक प्रत्येक ग्लासातला एकच घोट घेत होते, गुण लिहीत होते आणि उरलेली बिअर बादलीत ओतत होते.

त्यांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला, मग तिसरा. शलाका दोरीवरून पुढे वाकली.

बादली ओढून त्यांनी ग्लास उपडा केला. थेंबही पडला नाही.

"सात नंबर पुन्हा आणा," ते करड्या आवाजात म्हणाले, "गुण लिहायचे राहिलेत."