कानातली बाई

मिशी दोन्हीकडून सारखी करता करता सलूनवाल्याने ती अखेर संपवूनच टाकली, तेव्हा मुकुंदराव हसले होते. आता ते स्वतःच्याच दारात उभे होते आणि शालनताईंनी जाळीच्या दाराला आतून कडी घातली होती.

"अगं, मी आहे. दार उघड!"

"कानातली बाई म्हणतेय, माणूस अनोळखी आहे, उघडू नका."

कानातली बाई म्हणजे मटाराएवढं यंत्र. शालनताईंच्या चष्म्यातून ते चेहरे बघायचं आणि समोरचा कोण हे, सगळं विसरून बसलेल्या शालनताईंना, कानात सांगायचं. त्याच्या जिवावर संसार बिनबोभाट चालला होता. मात्र बिनमिशीचे मुकुंदराव त्याने कधी पाहिलेच नव्हते.

आतून दूध करपल्याचा वास आला. मुकुंदरावांनी दारावर थाप मारली.

"आधी गॅस बंद कर!"

आज्ञाधारकपणे शालनताई आत गेल्या, गॅस बंद करून परत आल्या.

"आता तिचं ऐकू नकोस. माझ्याकडे नीट बघ. तुला काय वाटतं?"

शालनताईंनी जाळीतून बराच वेळ निरखलं.

"मलाही अनोळखीच वाटता. पण मनाला लावून घेऊ नका, घरातले तेही तसेच वाटतात."

"ते कोण?"

"बाई म्हणते, हे तुमचे यजमान, घाबरू नका. मग मी मुकाट्याने चहा देते, रात्री त्यांच्या शेजारी निजते." शालनताई जाळीशी आल्या, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "फार भीती वाटते हो. पण घरात कोणाला सांगणार? तुम्ही बाहेरचे, म्हणून बोलले."